मजला कितवा? विनोद लिहायला-करायला शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत एका क्लासच्या रिकाम्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमतो. एकेकानं पाच मिनिटं उभं राहून काहीतरी करून दाखवायचं, बाकीच्यांनी कुठं हसलो आणि कुठं नाही एवढंच सांगायचं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, विनोद काही माझा धंदा नाही. पण नवीन येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देतो अशी तक्रार आल्यामुळं एकदाचं लिहून ठेवलं.

मित्रांमध्ये मी सगळ्यांना हसवतो. स्टेजवर गेलो की कुणी हसत नाही. असं का?

कारण मित्रांना बंड्या माहीत आहे. कट्ट्यावर ‘परवा बंड्यानं परत स्कूटर ढकलत आणली’ एवढं म्हटलं तरी हशा पिकतो. बंड्या कोण, स्कूटर कुठली आणि ‘परत’ का, हे सगळं ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. खुर्चीत बसलेल्या अनोळखी माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला वाटतं, बरं, ढकलली, मग?

त्याला आधी बंड्या द्या, पण चरित्र नको. एकच सवय द्या. ‘आमचा बंड्या पन्नास रुपयांच्या वर पेट्रोल भरत नाही. म्हणतो, गाडी चोरीला गेली तर?’ आता तुमची ढकललेली स्कूटर लोकांना दिसायला लागते.

दुसरं कारण जरा टोचणारं आहे. कट्ट्यावर विषय दुसरं कुणीतरी काढतं आणि तुम्ही त्यावर टोला मारता. तो हजरजबाबीपणा झाला, आणि तो चांगलाच आहे. स्टेजवर चेंडू टाकायलाही तुम्हीच आणि मारायलाही तुम्हीच. त्यासाठी लिहावं लागतं.

विनोद शिकवता येतो का?

गंमत दिसणं शिकवता येत नाही, पण ती बहुतेकांना दिसतेच. वाक्य छाटणं, योग्य जागी थांबणं आणि काल आलेला हशा आज पुन्हा आणणं, हे शिकता येतं. आम्ही तेवढंच करतो.

काही सुचतच नाही. सुरुवात कुठून करू?

खिशात मावेल अशी वही घ्या आणि तिच्यात विनोद लिहू नका. आज कशाची चीड आली, कुठं लाज वाटली, कशाला घाबरलात, ते लिहा. दिवसाला तीन ओळी. महिन्यानं वाचलं की त्यातल्या पाच-सहा गोष्टी अजून सलत असतात. मटेरियल तिथं आहे.

माझ्या वहीतली एक ओळ होती: ‘शर्ट परत पिवळा.’ हंगामात सौदे चालू असले की आमच्या दुकानात हवेतच हळद असते. नाक, रुमाल, कॉलर, सगळं पिवळं. किती दिवस ती ओळ तशीच पडून होती. मग एकदा बहिणीच्या नवऱ्यानं लग्नाचं विचारलं आणि दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या: ‘हंगामात मला रोज हळद लागते. नवरी अजून लागली नाही.’ पुढं त्याला शेपूट जोडलं: ‘सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं. मला साधं स्थळ मिळेना.’ आता हे काही फार थोर नाही, पण यार्डातल्या लोकांपुढं कधी पडलेलं नाही.

‘नवरा-बायको’, ‘पुणेकर’, ‘ऑनलाइन क्लास’ असे विषय घेऊन बसू नका. विषय घेऊन बसलं की सगळ्यांना सुचतं तेच आपल्याला सुचतं.

पंच म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठं ठेवायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मराठीत थोडं अडचणीचं आहे.

ऐकणारा एका रस्त्यानं चाललाय असं त्याला वाटत असतं आणि एका शब्दात त्याला कळतं की रस्ता दुसराच होता. तो शब्द म्हणजे पंच. नियम एवढाच की त्या शब्दानंतर तोंड बंद. अडचण अशी की मराठी वाक्यात शेवटी क्रियापद येतं, त्यामुळं गमतीचा शब्द बहुतेक वेळा मध्ये अडकतो. ‘पंधरा वर्षं नोकरी केल्यावर साहेबांनी मला निरोप समारंभात नारळ दिला.’ गंमत ‘नारळ’मध्ये आहे, वाक्य संपतंय ‘दिला’वर. लोक हसायला तोंड उघडतात तेव्हा तुम्ही अजून बोलताय. हशा तिथंच मरतो. इंग्रजी स्टँडअप बघून शिकलेल्या पोरांचं इथं हमखास चुकतं, कारण त्या भाषेत असा शब्द सहज टोकाला जातो.

आपल्या भाषेचा एक फायदाही आहे. शब्दांना विभक्तीचे प्रत्यय लागलेले असतात, त्यामुळं ते इकडचे तिकडं केले तरी अर्थ सांडत नाही. ‘पंधरा वर्षं नोकरी केली. निरोपाला साहेबांनी सगळ्यांसमक्ष हातात ठेवला तो नारळ.’ बसलं.

आमच्यातल्या एका पोराचा विनोद सांगतो. त्याचं घर गावभागात, तळमजल्यावर. पहिल्या रविवारी त्यानं वाचलं ते असं:

‘पूर आल्यापासून सांगलीत लग्न जमवताना मुलीकडचे लोक मुलाचा पगार न विचारता तो कितव्या मजल्यावर राहतो असं विचारतात, कारण त्यांना पुराची भीती वाटते.’

कल्पना झकास, वाक्य पंचनाम्याचं. ‘कारण’पासून पुढचं सगळं आम्ही आधी कापलं. समजावून सांगितलं की हसायला काही उरत नाही. मग ‘लोक’ काढून एक माणूस आणला, कारण ‘लोक’ दिसत नाहीत आणि मामा दिसतात. दुसऱ्या रविवारी:

‘मुलीच्या मामांनी पगार विचारला नाही. फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, असं त्यांनी मला विचारलं.’

पुन्हा ‘असं त्यांनी मला विचारलं’ हे चार शब्द पंचावर येऊन बसले. ‘असं म्हणाला’, ‘असं विचारलं’ हे मराठी विनोदाचं दुखणं आहे. कोण बोललं ते आधी सांगून टाका, म्हणजे शेवटी फक्त बोलणं राहतं. तिसऱ्या रविवारी:

‘मामा म्हणाले, पगाराचं राहू द्या. मजला कितवा? मी म्हटलं, तळ. मामांनी आत आवाज दिला… पोहे राहू द्या.’

खोलीतले सगळे हसले. आमच्यात एक काकू आहेत, त्या कधीच हसत नाहीत. त्याही हसल्या. ‘तळमजला’चं ‘तळ’ केल्यानं एक ठोका वाचला, आणि ‘आवाज दिला’नंतर तो अर्धा श्वास थांबला, ते त्याचं त्यालाच सापडलं.

कॉलबॅक म्हणजे काय?

आधी सांगितलेली गोष्ट लोक विसरत आलेले असताना परत आणणं. वरच्याच पोराचा सेट, म्हणजे सलग करायचे त्याचे सगळे विनोद, असा संपतो: ‘तो पूर २०१९ चा. मग २०२१ ला परत पाणी आलं. आम्ही मावशीकडं तिसऱ्या मजल्यावर. दार वाजलं. बघतो तर दारात ट्रंक, ट्रंकेवर मामा. मी आत आवाज दिला… पोहे टाका.’

पुरावर विनोद करावा का? लोकांचे संसार वाहून गेलेत.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी ज्यांनी माळ्यावर बसून रात्र काढली त्यांच्यासमोर बोलतोय हे विसरू नये. त्या पोराचा विनोद चालतो कारण त्यात हसं मामांचं होतं, बुडालेल्यांचं होत नाही, आणि बुडालेलं घर त्याचं स्वतःचं आहे. हाच विनोद पाचव्या मजल्यावरच्या माणसानं केला तर मी हसणार नाही.

हाच विनोद पुण्यात केला तेव्हा त्याला सुरुवातीला एक वाक्य जोडावं लागलं: ‘आमच्याकडं ऑगस्टात कुणी कसे आहात विचारत नाही. किती फूट विचारतात.’ तिथं ते वाक्यच आधी हशा घेऊन गेलं.

प्रमाण मराठीत बोलू की सांगलीच्या बोलीत?

घरी जसं बोलता तसं. पण याला एक पुरवणी आहे.

टीव्हीवर ‘गावाकडची भाषा’ म्हणून जे चालतं ते कुठल्याच गावाचं नसतं. मिरजेतला शहाणासुरता पोरगा स्टेजवर चढला की अचानक ‘आवं पावनं’ करायला लागतो, आणि समोर खरोखर कवठेमहांकाळहून आलेला माणूस घड्याळ बघतो. बोली हाच विनोद समजू नका. ‘लई’ म्हटल्यावर हशा येत असेल तर लोक तुमच्या विनोदाला हसत नाहीयेत, खेड्यातल्या माणसाला हसताहेत.

खरी मजा बोलीच्या बारीक सवयींत आहे. आपल्याकडचा ‘की’ घ्या. ‘जेवला का?’ ‘जेवलो की.’ ‘येणार का?’ ‘येतो की.’ तो ‘की’ म्हणजे ‘यात विचारण्यासारखं काय आहे’. आमच्यातल्या एका बाईंचा आख्खा सेट नवऱ्याच्या ‘करतो की’वर आहे. नळ गळतोय, ‘करतो की’. गिझर बंद, ‘करतो की’. सेट संपेपर्यंत फक्त ‘की’ म्हटलं तरी टाळी येते. मात्र तोच ‘की’ नकळत पंचाच्या मागं लागला तर पंच बसत नाही. रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय आपण किती ‘की’, ‘म्हणजे’ आणि ‘तर’ टाकतो हे कळत नाही.

स्टँडअप ही परदेशी गोष्ट आहे. आपल्याकडं याची परंपरा आहे का?

माइक आणि पाठीमागची विटांची भिंत परदेशी, बाकी बरंच काही घरातलं.

सांगलीला नाट्यपंढरी उगाच म्हणत नाहीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं सीता स्वयंवराचा खेळ केला. त्या खेळांत गणपती-सरस्वती येण्याआधी सूत्रधाराशी थट्टामस्करी करायला वनचराच्या वेषात विदूषक यायचा. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातच दोन माणसांच्या फिरकीनं झाली. पलीकडच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी मोलिएरची फ्रेंच गोष्ट इंग्रजीमार्गे घेतली आणि ‘संशयकल्लोळ’मध्ये ती अशी मराठी घरात नेऊन बसवली की परकेपणाचा मागमूस राहिला नाही. दुसरीकडून घ्यायचं तर असं घ्यावं.

पण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तमाशात आहे. तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ. नुसते शेजारी उभे राहिले तरी लोकांना हसू यायचं, आणि त्यांची हवालदारांची जोडी तर दोन पिढ्यांनी पाहिली. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी येते. तिच्यात सोंगाड्या सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देतो, आणि समोरचा ते गंभीरपणे ऐकून घेतो. हा गंभीर माणूस फार महत्त्वाचा. तो हसला की खेळ संपला. एकट्यानं स्टँडअप करताना हे दोन्ही आवाज तुम्हालाच काढायचे असतात: एक शहाणा, एक येडा. वरच्या विनोदात मामा सोंगाड्या आहेत आणि पोरगा सरळ माणूस. आपला पाच मिनिटांचा सेट एकदा बतावणीसारखा दोन रकान्यांत लिहून बघा. कुठं दोघंही शहाणे झालेत ते लगेच दिसतं.

गौळणीतली मावशी मात्र पुरुषानं साडी नेसून आजच्या टीव्हीवर करायची, याचा मला व्यक्तिशः कंटाळा आलाय. प्रत्येकाचं मत.

पाच मिनिटांसाठी किती लिहायचं?

वहीची दोन ते अडीच पानं. हशासाठी जागा सोडा. मिनिटाला तीन-चार वेळा लोक हसले तर सेट चांगला चाललाय असं आम्ही धरतो.

पाठ करू का?

पंचाची वाक्यं शब्द न शब्द पाठ. मधलं मुद्द्यांनी. सगळंच पाठ केलं की शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं होतं, हात आपोआप वर जातात. आरशासमोर सराव करू नका, आरसा हसत नाही. भांडी घासताना मोठ्यानं बोला.

कुणी हसलंच नाही तर काय करायचं?

माझाच पहिला कार्यक्रम सांगतो. एका गणेश मंडळानं ऑर्केस्ट्रा आणि लकी ड्रॉच्या मध्ये मला दहा मिनिटं दिली. लोकांना मिक्सर कुणाला लागतोय ते ऐकायचं होतं. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बोलायला लागलो. पहिला विनोद गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मी न करण्यासारखी गोष्ट केली, विनोद समजावून सांगितला. साउंडवाला माझ्याकडं न बघता वायरी गुंडाळत होता. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, ‘कुणाचं पोरगं हाय गं? चांगलं बोलतंय.’

आख्खा मांडव हसला. त्या दिवसाचा तेवढा एकच हशा. आणि मी काय केलं? ऐकलंच नाही असं दाखवून कॉम्प्युटरवर परत आलो. आजींशी दोन वाक्यं बोललो असतो तर उरलेली सहा मिनिटं निभावली असती.

तर पहिली गोष्ट, खोलीत जे घडतंय ते मान्य करा. लोकांना शांतता तुमच्याइतकीच ऐकू येते. दुसरी, वेग वाढवू नका. घाबरलं की माणूस भरभर बोलतो आणि जागा सोडत नाही, मग हसणाऱ्यालाही हसता येत नाही. तिसरी, प्रेक्षकांवर चिडू नका. ‘कळला नाही वाटतं’ हे वाक्य आमच्या खोलीत बंद आहे. म्हटलं तर पुढच्या रविवारचा चहा त्याच्याकडं.

आणि एकदा पडलं म्हणून विनोद फेकू नका. तीन वेगळ्या ठिकाणी पडला तर फेका.

जागेचा फरक पडतो का?

फार. मंगल कार्यालयाचं छत उंच, पंखे घरघरणारे, खुर्च्या लांब लांब. हसू वर जातं आणि विरतं. हसणं शेजाऱ्यामुळं येतं, त्यामुळं साठ माणसं असतील तर पन्नासच खुर्च्या मांडा आणि पुढच्या रांगा आधी भरा. प्रेक्षकांवरचा उजेड कमी करता आला तर बघा. आपल्याला हसताना साहेब बघतोय म्हटल्यावर कारकून हसत नाही.

माइक कसा धरायचा?

दांड्याला धरायचा. जाळीला मूठ मारली की आवाज घोगरा होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. तोंडापासून तीन-चार बोटं लांब, आणि मान वळली की माइकही वळला पाहिजे. स्टँडवरून काढलात तर रिकामं स्टँड बाजूला ठेवा, नाहीतर पाच मिनिटं तुम्ही काठीमागून बोलताय असं दिसतं.

घरच्यांवर विनोद केला तर चालतो का?

आधी त्यांना ऐकवा. आमच्यातल्या एकानं सासूबाईंवर केलेला विनोद त्यांना ऐकवला, तर त्यांनी तो दुरुस्त करून दिला. आता तो जास्त चालतो. आणि निदान एका विनोदात तरी तुमचीच फजिती असू द्या.

शिव्या?

शिवीला येणारा हशा बहुतेक वेळा दचकण्याचा असतो. शिवी काढून विनोद करून बघा. उभा राहिला तर हवी तिथं परत घाला. हळदीकुंकवाचा कार्यक्रम मिळाला की कळेल का सांगतोय ते.

जात, धर्म, नेते यांवर बोलावं का? कायद्याचं काय?

नेत्यांवर बोलणं ही महाराष्ट्राची जुनी सवय आहे, वग त्याशिवाय रंगत नव्हता. पण जात हा माणसाच्या हातातला निर्णय नाही, त्यामुळं तिच्यावरून कुणाला खाली दाखवणारा विनोद आमच्याकडं करू देत नाही. स्वतःच्या जातीतल्या गमती, मानपान, पंगती यावर खुशाल बोला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याचं कलम त्यात २९९ आहे आणि बदनामीचं ३५६. नाव घेऊन खोटा आरोप आणि विनोद यांतला फरक पोलीस ठाण्यात समजावून सांगणं कष्टाचं असतं. नाट्यगृहात तिकीट लावून नाटक किंवा एकपात्री करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. बाकी परवानग्यांचं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना तारीख घेतानाच विचारा.

व्हॉट्सअॅपवर आलेला विनोद स्टेजवर सांगितला तर?

समोरच्यालाही तो आलाय. सकाळीच.

दुसऱ्या कलाकाराचा विनोद घेणं ही चोरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे, त्यामुळं कोर्टात फार काही होईल असं नाही. पण हे जग लहान आहे, सांगली तर त्याहून लहान. दोघांना एकच गोष्ट सुचली असेल तर बोलून घ्या. ज्याचा चांगला जमलाय त्याला ठेवू द्या.

सांगलीत करायचं कुठं?

कॉलेजचं गॅदरिंग, गणेश मंडळ, सोसायटीची कोजागरी, ज्येष्ठ नागरिक संघ, एखाद्या कॅफेतला ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन करून दाखवायचं असा कार्यक्रम. ज्येष्ठ नागरिक संघ मी सगळ्यात वर ठेवतो: लोक वेळेवर येतात, मोबाइल बघत नाहीत, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगतात. लगेच भावे नाट्यमंदिर बुक करायला धावू नका.

पैसे मिळतात का?

सुरुवातीला नारळ, शाल आणि कुठं कुठं जेवण. नोकरी सोडू नका. अडत दुकानातली तर मुळीच सोडू नका, मटेरियल तिथंच आहे.

माझं वय ५२. बाई आहे. उशीर झाला का?

आमच्या खोलीत सगळ्यात चांगलं थांबता कुणाला येतं तर एका निवृत्त शिक्षिकेला. साठ पोरांचा वर्ग नुसत्या बघण्यानं गप्प केलाय त्यांनी तीस वर्षं. त्या पंचाआधी चष्मा काढून पुसतात. घाई नाही, काही नाही. पुसून झाल्यावर बोलतात. विशीतल्या पोरांना ते जमायला अजून वेळ आहे. या.

पहिल्या रविवारी येताना काय आणू?

वही, पेन, रेकॉर्डिंगसाठी फोन. पहिल्या दिवशी बोललं पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. खायला आणलंत तर पेढे आणा, केळी आणा. भडंग आणू नका. गेल्या महिन्यात कुणीतरी आणलं आणि चांगला जमलेला पंच कुरकुरीत बुडाला.